तपासणीची खोली, मात्सुमोतो

एकतीस वर्षं मी गिटारी तपासल्या.
एक गाणं काही वाजवता येत नाही मला.
सहा तारा सुट्या, मग एक कॉर्ड,
मग स्विच खटाखट, बटणं शेवटपर्यंत पिळून,
आणि म्हणायचं : जाऊ दे.
किंवा : थांब.
चौदा सेकंद. पुढची.

घट्टे पडले बोटांना, तेही चुकीच्या जागी,
असं नातू म्हणतो. तो वाजवतो.
त्याच्याकडे एक डबी आहे, पाय ठेवला की
हव्या त्या गिटारीचा आवाज काढून देते.
मी ऐकलं. वाईट नाही.

इथली हवा कोरडी, म्हणून कारखाना इथे,
असं साहेब लोक सांगत. डोंगर पाऊस अडवतात,
लाकूड फुगत नाही, रुसत नाही.
सासूबाईंचं मत वेगळं होतं :
रेशमाच्या गिरण्या बसल्या, बायका रिकाम्या झाल्या,
आणि धागा न तोडता गुंडाळायचा कसा
हे त्यांच्या हातांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

तोमिए तांब्याची तार गुंडाळायची, केसाहून बारीक,
एका चुंबकावर आठ हजार वेढे.
गिटार अँपला लावली की मी विचारायचे,
काल घरी वाजलं वाटतं?
तार कचकचून ओढलेली असायची, वरचा सूर कडकडीत.
ती खिडकीकडे बघून म्हणायची, त्याला विचार.

आधी आम्ही नक्कल करत होतो. लपवायचं काय त्यात.
मालकांनी एक फेंडर आणली,
मासा साफ करावा तशी टेबलावर उघडली.
तिचा आवाज मी कुठे ऐकला होता?
सुवाच्या गोठलेल्या तळ्यावर खडा फेकला की
बर्फाखालून टणत्कार पळत पळत पलीकडे जातो,
तसा. आणि मागे सतत बारीक गुणगुण,
जशी चिलटं.

गिब्सनमध्ये दोन वेटोळी शेजारी शेजारी,
एक उजवीकडून, एक डावीकडून,
एकीची चिलटं दुसरी गिळून टाकते.
जड बाई. मांडीला रग लागायची.
तार छेडून मी चहा ओतून घ्यायचे, झाकण लावायचे,
सूर अजून तिथेच बसलेला,
पाहुणा उठायचं नाव घेत नाही तसा.

रिकनबॅकर एकदाच आली, बारा तारांची.
कुणीतरी चमच्यांचा खण झटक्यात ओढावा,
पण सुरात.

मग अमेरिकेहून पत्र आलं :
गिटारीच्या डोक्याचा आकार आमचा आहे.
आठ पानं. मालकांनी भाषांतर करून घेतलं,
पुन्हा करून घेतलं, अर्थ तोच निघाला.
ऐंशी डोकी करवतीनं उतरवली.
त्या हिवाळ्यात शेगडीला मेपलचा वास यायचा,
आणि आम्ही हात शेकत उभे राहायचो,
बोलत नव्हतो फारसं.

मार्चमध्ये फुतात्सुगी एक गिटार घेऊन आला.
चोविशीतला पोरगा, भुवयांवर भुसा.
मान एवढी तासली होती की मी म्हटलं, मोडेल.
तो म्हणाला, नाही मोडणार. अंग सुरीसारखं पातळ,
डोक्याला कुणासारखंच नसलेलं टोक.

मी लावली. सहा तारा. कॉर्ड.
सूर बोटाच्या आधीच निघून गेल्यासारखा,
धारदार, थोडा उर्मट,
तळाशी मात्र काहीतरी पोकळ, की मोकळं?
स्विच खटाखट केला. पुन्हा केला.
एकतीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं :
बरोबर की चूक, तेच कळेना.
कानात मूळ नगच नव्हता, ताडून बघायचा कशाशी?

चौदा सेकंद गेले. दुपारचा भोंगा गेला.
फुतात्सुगी दारातच उभा,
एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर.
जाऊ दे? थांबू?
मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.
तिसऱ्या दिवशी खोकं बांधून ती पाठवली कुठेतरी.
शिक्का मारला की नाही,
आठवत नाही.