वीस मिनिटांनी एकदा

रात्री पंप एकदाच खाकरतो.
दोन सेकंद. मग गप्प.
नळ बंद, फ्लश बंद,
ट्रेव्हर माझ्या पाठीला पाठ लावून घोरतोय,
आणि कुणी पाणी मागितलेलं नसताना
पलंगाखाली कुणीतरी घसा साफ करतं.

मी घड्याळ धरते. वीस मिनिटं. पुन्हा.
एकवीस. पुन्हा.
तीस वर्षं शाळेची बस हाकली मी
डोंगरातल्या एकेरी रस्त्यावर;
इंजिन खोकायच्या आधी मला कळायचं.
"काही नाही ते," ट्रेव्हर म्हणाला होता,
"स्विच बंद कर आणि झोप."
त्याचं 'काही नाही' मला पाठ आहे:
गुडघा. बँकेचं पत्र.
मेरेरिडचा न आलेला फोन.
स्विच बंद केला की आवाज जातो,
गळती नाही जात.

सकाळी शेजारच्या तंबूतले मिस्टर पेनरोज
चहाचा मग घेऊन आले
आणि दारातूनच निदान करून गेले: पंप बदला.
मागोमाग त्यांचा मेव्हणा: पंप बदला.
कॉर्नफ्लेक्स खात हिंडणारा त्यांचा नातू
माझ्याकडे न बघताच: पंप.
सल्ला फुकट. पंप नव्वद पौंड.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात.
इथे आडात आहे, पोहऱ्यातही आहे:
पिंप काठोकाठ, नळाची धार मनगटाएवढी.
पंप बिचारा इमानी कुत्रा,
नळीतला दाब उतरला की भुंकतो.
कुत्रा कशाला बदलायचा?
कुंपणात भोक कुठे आहे ते बघा.

कुठेतरी पाणी मुरतंय.
(खरोखरचं पाणी. म्हणजे एरवी म्हणतो तसं नाही.)

मग पोटावर पडून, दातांत टॉर्च धरून,
कोरड्या टिश्यूचा एकेक तुकडा
एकेका जोडावर टेकवत गेले.
सिंकखाली: कोरडा.
बेसिनमागे: कोरडा, आणि एक मेलेला कोळी.
हीटरचा पिवळा निचरा-नळ,
ज्याच्यावर माझा सगळा संशय
(पहिल्याच गोठवणाऱ्या थंडीत फुटतो तो):
कोरडा, वर माझ्यावरच रागावल्यासारखा.
जमीन तळहातानं दाबत गेले.
जुन्या कारवानची जमीन एकदा भिजली
की चहात बुडवलेलं बिस्किट होते.
अजून तरी घट्ट होती.

कपाटामागे, जिथे हात शिरतो पण कोपर शिरत नाही,
तिथे टिश्यू गडद झाला.
नाण्याएवढा.

जोडावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा,
त्यावर काळी टेप, टेपवर तार,
आणि शेजारी प्लायवर पेन्सिलीनं, बारीक वेल्श अक्षरांत:
*तात्पुरतं. ऑगस्ट १९९६. ओ.*

ही कारवान आम्ही डॉल्गेथ्लाईच्या ह्यू प्यूकडून घेतली.
तासभर बोलला तो. प्रत्येक झडप, प्रत्येक फ्यूज,
आणि मी कसं, मी कसं.
बायको दारात उभी होती,
रिकामा कप दोन्ही हातांत धरून.
तिचं नाव ओल्वेन.

अठ्ठावीस वर्षं टिकलं तुझं तात्पुरतं, बाई.

मी नळी कापली, नवा तुकडा घातला,
दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या,
पेन्सिलीची ओळ तेवढी पुसली नाही.
ट्रेव्हरनं बटाटे सोलले, काही विचारलं नाही.
पेनरोजांचा नातू पायरीवर येऊन बसला:
"पंप बदललात?"
"हो," म्हटलं. घरी जाऊन सांगायला त्याला काहीतरी हवं.

रात्र. वीस मिनिटं. शांत.
चाळीस. शांत.
कुरणात मेंढ्या खोकतात, अबरसोखकडून समुद्र.
शांततेलाही कान लावून पडावं लागतं,
हे मला ठाऊक नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी
पलंगाखाली कुणीतरी खाकरलं.
एकदाच.

अंधारात ट्रेव्हरचा आवाज, लख्ख जागा:
"ऐकलंस?"

"काही नाही ते," मी म्हणाले.
आणि दोघंही मोजत पडलो.