दोन-दोनच्या मापाचा हात

कासार म्हणायचा, तुला पोरींच्या मापाच्या बांगड्या लागतात,
दोन-दोनच्या. बाईमाणसाचा असला हात
साऱ्या गगनबावड्यात बघितला नाही.
त्या रात्री उजव्या हातातल्या मी एकेक करून उतरवल्या,
फोडल्या नाहीत. आत्तीच्या ओच्यात टाकल्या
आणि गोडं तेल कोपराच्या वरपर्यंत चोळलं.

बाणी म्हैस दुपारपासून कळा देत होती.
पाणमोट फुटलेली. एक खूर बाहेर,
दुसऱ्याचा पत्ता नाही.

खाली रस्त्याला दवाखाना आहे. श्रेणी दोन,
पाटीवर तसं लिहिलंय.
श्रेणी एक कुठं असते ते आम्ही कधी विचारलं नाही.
दाराला कुलूप, दारापुढं लोखंडी खोडा.
त्यात जनावर उभं राहिलेलं मी एकदाच बघितलं,
एरवी शाळेची पोरं त्याला लोंबकळतात.
हुक्किरे डॉक्टरांकडं चार दवाखान्यांचा चार्ज,
मोटरसायकल एक, घाट दोन.
माणूस वाईट नाही. फोन उचलतो.

पण आमच्या सड्यावर रेंज येते
ती फक्त टेकावरच्या चपट्या धोंड्यावर.
म्हणून मायाप्पा धोंड्यावर उभा,
त्याच्या खाली कुंपणापाशी दीर,
गोठ्याच्या दारात आत्ती,
आणि आत, खांद्यापर्यंत म्हशीत, मी.

डॉक्टर मायाप्पाला सांगायचे,
मायाप्पा वाऱ्यात ओरडायचा,
दीर त्यातलं अर्धं ऐकायचा
आणि उरलेलं आत्ती स्वतःच्या मनानं पुरं करायची.
"डोकं आधी माघारी ढकला" म्हणून निघालेलं
माझ्यापर्यंत आलं ते "डोकं शांत ठेव" होऊन.
ठेवलं.

आत काळोख नसतो. ऊब असते.
बोटांना दिसतं.
हे नाक. ही जीभ, बोट दिलं तर चोखते, म्हणजे आहे.
ही मान.
आणि हा दुमडलेला गुडघा,
थंडीत निजलेल्या पोरानं पोटाशी घ्यावा तसा.
कळ आली की म्हैस माझं मनगट आवळायची,
हाडं मोजून घ्यावीत इतकं.
कळ गेली की मी बोटभर पुढं.

तेवढ्यात वरनं, "खूर मुठीत झाक म्हणत्यात!"
हे मात्र नीट पोचलं.
उघडा खूर पिशवी फाडतो.
माझ्या मुठीत तो मावला.
मोठ्या हाताच्या गड्याची
मूठच तिथं वळली नसती.

मग बॅटरी संपली.
मायाप्पा ओरडला, "आता कोणच बोलंना!"
दीर म्हणाला, "कोणच बोलंना!"
आत्ती दारातनं आत बघत म्हणाली,
"मग तू बोल की तिच्यासंगं."
बोलले. काय ते सांगणार नाही.

रेडी आली, उजाडायच्या आत.
नाकातला चिकटा पदरानं काढला,
गवताची काडी फिरवली, शिंकली.
बाणी मात्र बसली ती बसलीच.
मान कुशीवर टाकून, कान गार.
तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.
दुपारी डॉक्टर आले,
बुटाला घाटाचा चिखल, डबा न उघडलेला.
कान गार होते का, त्यांनी विचारलं.
होते, म्हटलं.
मग कॅल्शियमची बाटली बॅगेतनं काढून
ते बराच वेळ तिच्यावरची तारीख वाचत बसले.

जाताना रेडीची पाठ चोळली, माझा हात बघितला.
खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा दिला,
त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील.
पलीकडच्या वाडीत कुणाचं अडलं तर कळवू का,
म्हणाले, नंबर द्या.
मी धोंड्याकडं बोट केलं.
त्यांनी वहीत खरंच काहीतरी लिहून घेतलं.

बांगड्या आत्तीनं अजून परत दिल्या नाहीत.
फडक्यात बांधून आढ्याला अडकवल्यात.
डावा हात किणकिणतो, उजवा मुका.
कशाला घालतीस, म्हणते,
तेवढा मोकळाच असूदे.