एकशे बारा दगड

मार्चमध्येच तिनं दगड वेचायला घेतले.
सिफ्नोसच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर, पायात रबरी बूट,
मुठीत मावेल एवढाच, बूड सपाट असलेला,
आणि पांढरा नको म्हणाली, वाइनचा डाग उठून दिसतो.
मी पोतं धरून तिच्या मागे.
लग्न ऑगस्टच्या चोवीस तारखेला.
कामावरचा माझा पहिला आठवडा,
मला वाटलं बाई थोडी सरकलेली आहे.

"कशाला, एव्हान्थिया?"
"वाऱ्याला कुणी बोलावत नाही," ती म्हणाली,
"तरी तो जेवायला बसतोच."

तिची वही निळ्या दोरीनं बांधलेली.
मला वाटलं होतं, आत वेळा असतील.
आत माणसं होती.
आंतोनिस आणि त्याचा मेहुणा: विहिरीवरून वैर, मधे चार मेजं.
नवरीची आई: मुकुट चढताना रडेल. रुमाल कापडी. कागदी विरघळतो.
पाद्रीबाबा निकिफोरोस: गुडघे. पायऱ्या नव्वद. गाढवीण मेल्पो, तिला आधी सफरचंद.
व्हायोलिनवाला: म्हणतो तार तुटणार नाही. तार घेणे.

आणि एका पानावर, सव्वापाच ते साडेपाच,
समोर कोरी जागा.
"इथे लिहायचं राहिलं," मी म्हटलं.
"राहिलं नाही. ठेवलंय."
"कुणासाठी?"
"ज्याला लागेल त्याला."

बुधवारी वारा सुटला.
पिरेयसला बोटी बांधून घातल्या, दोन दिवस एकही हलली नाही.
पण धर्मबंधू स्तामातिस मंगळवारीच उतरला होता,
तीन दिवस आधी कशाला बोलावलं म्हणून कुरकुरत,
आणि मुकुटांची पेटी त्याच्याच मांडीवर.
फोटोवाला तेवढा तिकडे अडकला.
मग शाळेचे मास्तर आले, मान खाली घालून,
गळ्यात कॅमेरा, खिशात चार फिल्म रोल.
त्यांना तिनं मे महिन्यातच विचारून ठेवलं होतं,
"समजा, असं झालंच, तर?"

चणे रात्रभर भट्टीत शिजत होते.
छप्पन्न मेजं, मेजावर दोन दगड,
टेबलक्लॉथचे कोपरे फडफडून गप्प बसले.

पाच वाजून चौदा मिनिटांनी
नवरी बेकरीच्या मागच्या खोलीत शिरली
आणि कडी लावून घेतली.
आई दार ठोठावायला निघाली. एव्हान्थियानं नुसता हात आडवा केला.
मला वही धरायला दिली
(पहिल्यांदाच, अजून तळव्याला तिचं वजन आठवतं)
आणि दाराशी वाकून म्हणाली,
"काल्लिरोई, उघड. मी एकटीच आहे."

आत काय झालं मला माहीत नाही.
पिठाच्या गोणीवर दोघी बसल्या असाव्यात,
कारण बाहेर आल्या तेव्हा
दोघींच्या पाठीमागे एकसारखे पांढरे ठसे होते,
आणि एव्हान्थियाच्या पिशवीतून ब्रश निघाला.
कपड्यांचा. अर्थात.
साडेपाचला एक मिनिट कमी होतं.

बाकी सगळं तुम्हाला कुणीही सांगेल.
फीत सैल झाली, कुणाला दिसली नाही,
टाचणी तिच्या बाहीतच होती.
तांदूळ फेकणाऱ्या पोरांना तिनं वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं,
म्हणून दाणे नवरानवरीवर पडले, पोरांच्या डोळ्यांत नाही.
तार तुटली. दुसरी चढली. नाच थांबला तेवढ्यात
आंतोनिसनं मेहुण्याला वाइन ओतून दिली,
चार मेजं ओलांडून, स्वतः चालत जाऊन.
हे वहीत नव्हतं.

निघताना नवरीच्या आईनं तिचे दोन्ही गाल घेतले,
"काय नशीब बघ आमचं! सगळं कसं आपोआप झालं."
"हो ना," एव्हान्थिया म्हणाली, "नशीबच."
मी तोंड उघडणार होते.
तिनं माझ्या हातात पोतं दिलं.

रात्री दोन वाजता, बूट काढून,
कंदिलाच्या उजेडात आम्ही दगड मोजले.
एकशे अकरा.
"जाऊ दे," मी म्हटलं, "एक दगड तर आहे."
ती काही बोलली नाही.
पोतं उलटं केलं,
आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायला बसली.