मोळी पडली की

कारखान्यात मोळी पडल्याचं मला पेपरातून कळत नाही.
पहाटे बॉनेटवर राख असते, चिपाडाची,
काळी, हलकी, जळक्या पापडाच्या पापुद्र्यासारखी.
फुंकरीनं उडते. पण दव पडलं की चिकटते,
आणि कुणा शहाण्यानं कोरड्या फडक्यानं पुसली
की रंगावर रेघोट्या उठतात, मांजरानं ओरबाडल्यागत.

म्हणून ऊसतोडीच्या टोळ्या आष्ट्यात उतरल्या
की त्या आठवड्याचा रविवार मी राखून ठेवते.
शिकाऊंना सुट्टी.
टपावरचा लाल 'एल' उतरवून कठड्यावर.

दोन बादल्या, एक फेसाची, एक नुसत्या पाण्याची.
कपड्यांची पावडर नाही, शाम्पू.
ऊन नको, पत्र्याच्या शेडखाली.
मग वॅक्सचा डबा, गेल्या वर्षीचा, तळाला गेलेला.
ओल्या स्पंजावर बोटभर,
एका वेळी एकच पत्रा.
घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे;
घाई करणारे क्लचसुद्धा असाच सोडतात.

बावीस वर्षांची आठशे.
पांढरी म्हणायची म्हणून पांढरी.
हात फिरवला की सगळे हजेरी देतात.
पुढचा बंपर: पाचोरेबाई, तलाठी ऑफिस,
आणि दुधगाव फाट्यावरचा मैलाचा दगड.
दगडाचा पिवळा अजून खाचेत आहे.
डावं मडगार्ड: नेमगोंडा मगदूम, वय सदुसष्ट,
"हो हो हो" करत राहिले, बैल थांबवल्यागत,
शेवटी ब्रेक मीच दाबला, माझ्या बाजूचा. उशिरा.

उजव्या दारावरची लांब रेघ माझी.
पहिल्याच हंगामात, ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस.
घरी सांगितलं, शिकाऊनं केलं.
ह्यांनी नाव विचारलं नाही.
जमाखर्चाच्या वहीत पुढं कधीतरी दिसलं:
रंगकाम, दोनशे. शिकाऊ, घरचीच.

वॅक्स रेघ मिटवत नाही.
भरतं तेवढं.
उजेड तिथं अडखळायचा थांबतो, चारेक महिने.

पांढुरकी साय धरली की बोट ओढून बघायचं,
खालचं लख्ख निघालं म्हणजे झालं.
मी पुसायला घेतलं तेवढ्यात रेहाना शिकलगार आली,
सुट्टी विसरून,
आणि माझ्या हातातून फडकं काढूनच घेतलं.
"गोल गोल नको मॅडम.
आज्जा म्हणायचा, पातं पुसताना हात
एका अंगानं जाऊ द्यावा. मागं आणू नये."
तिला अजून रिव्हर्स जमत नाही.
मी काही बोलले नाही.

टप झाला, बॉनेट झालं, डिकी, तीन दारं.
डबा काडीनं खरवडला, कडेचं कडेचं काढलं,
मागचं डावं दार तसंच राहिलं.
दुकान सोमवारी उघडतं.
आम्ही चहा घेतला. तिनं दोन बिस्किटं बुडवून पाडली.

सोमवार, साडेसहा.
रात्रीत मोळी पडली होती.
बॉनेटवर दवाचे थेंब, मोहरीएवढे, गोल,
एकमेकांना न चिकटता उभे,
आणि राख त्यांच्या डोक्यावर, वर वर.
एक तांब्या ओतला. सगळं घसरत गेलं,
चाकापाशी काळा ओघळ.
मागच्या डाव्या दारावर मात्र लगदा, बोटानं निघेना.

"हे एवढंच दार का हो असं?"
सीट पुढं ओढत रेहाना म्हणाली.
"आरशात दिसतंय का?"
"डावीकडं आरसाच नाही की हिला."
"मग?"

तिनं मान वळवली. अर्धी नाही, पूर्ण,
खांद्यावरून, डाव्या काचेतून थेट मागं,
जी वळव वळव म्हणून मी तीन आठवडे घसा कोरडा केला होता.
गिअर खर्रकन पडला.
गाडी मागं गेली, जराशी तिरपी,
कठड्यावर विसरलेल्या 'एल'पासून वीतभर अलीकडं थांबली.