कोडी

बातिनाच्या किनाऱ्यावर, सहमच्या पुढे,
समुद्राला पाठ करून बसलेल्या एका गावात
मी छताखाली उताणा पडून मोजत होतो:
वासा पहिला, वासा दुसरा, दोघांत वीतभर अंतर.
चंदल म्हणतात इथे. आफ्रिकेच्या खाडीतलं कांदळ,
लालसर, गाठाळ, एकही धड सरळ नाही.

खोली लांब हवी तेवढी. रुंदी मात्र
प्रत्येक खोलीची सारखीच, साडेनऊ फूट.
तौफीक इंजिनियर म्हणाला, परंपरा असेल.
परंपरा कसली.
झाडच तेवढं वाढायचं.
कुठल्या तरी चिखलात, भरती-ओहोटीत पाय बुडवून
एक झाड जिथे थांबलं
तिथे इथली भिंत थांबली.
लग्नं, बाळंतपणं, अबोले, सगळं त्या मापात.

वाशांवर बांबूच्या चिवाट्या,
त्यांवर खजुरीच्या झावळ्यांची चटई, वर हातभर माती.
खिळा कुठेच नाही. सुंभ आहे,
काळा पडलेला, आणि गाठ अशी
की मी पाऊण तास घालवला, नाही सुटली.
वाशांची टोकं भिंतीबाहेर तशीच आलेली.
चांगलं लाकूड उगाच कापवत नाही,
हे सुताराला कोणी सांगायला नको.

चौकट सागाची. साज, म्हणतो दोस्तीन बलोच.
साग, म्हणतो मी.
रंध्याखालून निघणारी साल दोघांनाही सारखीच.

सहा वासे गेले होते. बोट दाबलं की बोट आत,
वाळवीचं पीठ मनगटावर.
नवे मिळत नाहीत, तिकडे तोड बंद आहे.
लोखंडी नळ्या टाकू, तौफीक म्हणाला,
रंगवल्यावर कुणाला कळतंय.

दुपारी मागच्या सिमेंटच्या घरातून
शम्सा बिंत हमूद कॉफी घेऊन आली.
वर न बघताच म्हणाली,
बापाने तीन कोरजा घेतल्या होत्या. वर सात,
नाखव्याने तशाच दिलेल्या, मी जन्मले म्हणून.
कोरजा म्हणजे वीस, दोस्तीन मला समजावू लागला.
म्हटलं, ठाऊक आहे रे,
आमच्या कुडाळच्या बाजारात झापं कोडीनेच विकतात.

तीन कोडी आणि सात. सदुसष्ट.
माझ्या वहीत सहासष्ट.
पुन्हा उताणा. पुन्हा सहासष्ट.
म्हातारी हसली, काठीने कोपरा ठोकला:
एक फारच वाकडा निघाला,
तो भिंतीच्या पोटात आडवा घातला,
दोन भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून.
पटाशीने नखभर गिलावा उडवला.
होता. लालबुंद, कालच तोडल्यासारखा.
गिलावा परत लिंपला. वहीत लिहिलं:
६७. दिसत नाही. आहे.

गुरुवारी नळ्या आल्या.
भिंतीला लागून काप, तौफीक म्हणाला.
मी हातभर बाहेर ठेवल्या.
जाळी वाळत घालायला आता कोणी नाही,
पण चार वाजता रस्त्यावर
सावलीच्या फासळ्या पडतात, त्यात
सहा जरा जास्तच सरळ.