एकसष्ट दाते

साकीनाक्याच्या चौदा नंबर गाळ्यात
मी तीस वर्षं पंपांचे व्हॉल्व्ह कातले.
सायकल म्हटलं की मला पाववाल्याची आठवायची,
पुढे घंटी, मागे टोपली.
शलाका वैतीनं आणली ती बघून वाटलं
चोरांनी अर्धी खोलून नेलीय.
ब्रेक नाही, गिअर नाही, फ्रीव्हीलसुद्धा नाही.
‘थांबायचं कसं?’
‘पाय सोडले तरी चाक पायांना ओढत नेतं, काका.’
मी म्हटलं, म्हणजे नाइट शिफ्ट.

तिनं मोबाइलवर बाहेरचे फोटो दाखवले.
पूर्वी चेनव्हीलला अठ्ठेचाळीस दाते पुरायचे,
मग बावन्न, मग छप्पन्न,
आता लोक साठीच्या पलीकडे गेलेत.
हँडल दर वर्षी अरुंद होतंय,
खांदे कानांपाशी, कोपरं पोटात,
गर्दीच्या लग्नात ताट धरून उभं राहावं तसं.
फोर्क मात्र फाकलाय, वाऱ्याला पिंढऱ्यांमागे लपवायला.
चेन मेणात उकळतात, तेलाचं नाव नाही.
आणि अंगावरच्या कापडाला बारीक रेघा,
त्या रेघांवर म्हणे कुणी पीएचडी करतं.

बाहेरून मागवलं तर एका चेनव्हीलला माझे दोन पगार.
‘तुम्ही कापाल?’

एकसष्ट.
ज्याला कशानंच भाग जात नाही असा आकडा.
डिव्हायडिंग हेडची एकही प्लेट बसेना.
शेवटी कागदाची पट्टी, तिच्यावर एकसष्ट खुणा,
पट्टी रिंगणाला गुंडाळून भोकं पाडली,
नवी प्लेट केली,
मग ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून एकेक दात काढला.
पहाटे अडीचला शेवटचा दात पहिल्याला बरोबर भेटला
तेव्हा गाळ्यात टाळी वाजवायलाही कुणी नव्हतं.

मुंबईत तिरपा ट्रॅक नाही.
ती वेसाव्यात, वलांडीखाली, रोलरवर चालवते;
वर बोंबील वाळत असतात
आणि तिचं बंद चाक घुमायला लागलं की
खालच्या ओळीतले हलतात.
तिचे वडील हिरोजी फोर्कवर अंगठा फिरवून म्हणाले,
‘नाळ बरी काढलीय.’
त्यांनी शीड पाहिलं, मशीन पाहिलं, फायबर पाहिलं.
‘दर वेळी म्हणायचे, यापुढं काय येणार?
आणि येतंच काहीतरी.’

मग नियम आडवा आला:
जे बाजारात विकायला नाही ते शर्यतीत चालत नाही.
‘मग विकायला ठेवा,’ शलाका म्हणाली.
व्हॉल्व्हच्या कपाटात, काचेमागे,
पुठ्ठ्यावर किंमत लिहून ठेवलं.
गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी आलं,
हिरोजी वैती, नोटांना पापलेटचा वास.
बरंच घासाघीस करून
जीएसटीसकट पावती फाडून घेतली,
आणि वर विचारलं, ‘आणखी किती शिल्लक?’
मी खोटं बोललो नाही. दोन केले होते.

चालेल का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.
अर्ज गेलाय, उत्तर यायचंय.
सरावाला कुणाची परवानगी लागत नाही.

पावसानंतर ती आली, ते चेनव्हील फडक्यात गुंडाळून.
‘आता त्रेसष्ट हवेत. सगळे तिकडेच चाललेत.’
मी म्हटलं, त्रेसष्टला सात जातो, नऊ जातो,
सदुसष्ट घे.
‘आणि मांड्या?’
त्याही येतील बाजारात, म्हटलं,
दोन-चार वर्षं थांब.
ती हसली, मी नाही.

ती गेल्यावर जुनं चेनव्हील खिडकीपाशी धरलं.
दाते एकाच अंगानं झिजले होते,
जिथे चेन ओढते त्या अंगानं,
पहिल्यापासून एकसष्टाव्यापर्यंत
सारखेच.
अंगठा लावून पाहिला.
धार नव्हती, पण कापलं असतं.