सहा गाठी

लढाईबद्दल बाबा बोलायचे नाहीत.
फारच विचारलं तर म्हणायचे,
"वाळू होती. मग तार होती. मग आलो."

बाकीचं आम्ही इकडून तिकडून गोळा केलं,
रताळी काढून झाल्यावर पोरं
काठ्या घेऊन रानात परत फिरतात, तसं.

थोरली आत्या सांगायची :
बेळगावास्नं कागद आला. मास्तरांनी दोनदा वाचला.
बेपत्ता.
काका म्हणाले, वयनी, आता कुंकवाचं बघा.
आई शेण काढत होती. हात तसेच धरून म्हणाली,
"मेला म्हणून लिव्हलंय काय त्यात?"
"नाही."
"मग मास्तरांस्नी चहा द्या."

वर्षानं इटलीतनं कार्ड आलं.
छापील ओळी, नको त्या खोडायच्या.
'जखमी आहे' खोडलेलं,
'आजारी आहे' खोडलेलं,
आणि 'बरा आहे'च्या 'ब'वर
शाईचा एक ठिपका,
खोडता खोडता पेन थांबावं तसा.
कार्ड वाळवीनं खाल्लं.
ठिपका आत्याच्या तोंडात राहिला.

अण्णा पाच वर्षांचा असताना
बाबा बेकिनकेऱ्याच्या वेशीतनं चालत आले.
अण्णा ओरडला, "आये, कोण तर पाव्हणं आल्यात."
पाव्हण्यानं पाणी मागितलं नाही.
रांजणापुढं रांगेत उभा राहिला.
रांग नव्हती.
एकटाच उभा.

मी झाले त्याच्या नऊ वर्षांनंतर.
माझ्या वाट्याला आला तो दोरा :
पार्सलाचा, तेलकट, सहा गाठींचा,
तंबाखूच्या डबीत गुंडाळलेला.
तिथं सात जणांत एक पाव असायचा.
दोरा लावून कापायचा,
आणि कापणाऱ्यानं शेवटचा तुकडा घ्यायचा,
म्हणजे हात चुकत नाही.

घरात आम्ही पाच.
उकडलेल्या रताळ्याचे बाबा सात वाटे करायचे.
आम्ही उचलायचो, शेवटी ते.
दोन कोनाड्यात.
सकाळी आई ते गाईपुढं टाकायची,
कुणाचे म्हणून तिनं कधी विचारलं नाही.
मी विचारलं.
"एक निलजीचा, गोपाळ.
एक लाहोरकडचा. नाव सांगायचा,
मला म्हणता यायचं नाही."
आणि डबीचं झाकण लावलं.

पुढं गाव मैसुरात गेलं,
देवरवाडी बांधापलीकडं, तरी दुसऱ्या राज्यात.
बाबा मोर्चाला गेले, लाठी खाऊन आले,
त्याचंही फार बोलले नाहीत.
पण डुकरं रताळी उकरतात म्हणून
अण्णानं काटेरी तारेची गुंडाळी आणली,
तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.
तार दुकानात परत गेली.
त्या सुगीत रोज रात्री
बाबा बांधावर पत्र्याचा डबा बडवत बसायचे.
डुकरांनी खायचं ते खाल्लंच.

ते गेल्यावर वाटणी झाली. टेप अण्णानं धरली.
मोजून झाल्यावर धाकट्याला म्हणाला,
"तू आधी उचल."
धाकट्यानं विहिरीकडचं उचललं.
अण्णाला खडक.
वयनी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.
मी तलाठ्याकडं जाऊन सही केली,
वाटा सोडला म्हणून.
कुणी जबरदस्ती केली नाही.
कुणी विचारलंही नाही.
डबी तेवढी मागून घेतली.

काल इथं शहापुरात नातीला दोरा दाखवला.
तिनं बोटांनी मोजला.
"आज्जी, पाचच आहेत की गाठी."
मी चष्मा लावून मोजल्या.
पाच.
कधी सुटली, कुणी सोडली,
आता सांगणारं कोणी नाही.

जिथं ती होती
तिथं दोरा अजून वाकडा आहे.